ऊन पाण्याचा हिशेब

पहाटे ५:४०

थंडीत फोन सूर्याच्या आधी वाजतो. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात पहाटेचा पारा चौदा-पंधरापर्यंत उतरतो. एवढ्या थंडीला घर तापवावं लागत नाही, वाकळ अंगावर ओढली की भागतं. पण आंघोळीला ऊन पाणी लागतंच. त्यामुळे गिझर आणि सोलर बसवणाऱ्या माझ्यासारख्या मिस्त्रीकडे तक्रारी येतात त्या नेमक्या आंघोळीच्या वेळी.

आज संक्रांतीनंतरचा शनिवार. शिवाजी पेठेतल्या एक वहिनी बोलतात, "मिस्त्री, लाइट पेटतीया, पण पाणी गारच येतंय बघा." मी फोनवरच विचारून घेतो. दिवा पेटलेलाच राहतो की दोन मिनिटांत विझतो? पाणी आधी कोमट येऊन मग गार होतं, की पहिल्यापासून गारच? एमसीबी पडतो का? दिवा लवकर विझत असेल तर संशय थर्मोस्टॅटवर किंवा कॉइलवर चढलेल्या क्षारावर. दिवा जळतोय आणि पाणी ढिम्म गार, तर बहुतेक कॉइल तुटलेली. आणि एमसीबी पडत असेल तर मी एवढंच सांगतो: बटणाला हात लावू नका, मी येईपर्यंत गॅसवर पातेलं ठेवा.

वहिनींकडचा दिवा दोन मिनिटांत विझतो. पिशवीत थर्मोस्टॅट, गॅस्केट, मॅग्नेशियमचा रॉड आणि टेस्टर टाकतो.

६:४५

गंगावेशीतून गाडी काढतो. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या आहेत, धारोष्ण दुधाचे ग्लास हातात घेऊन माणसं बोलत थांबलीत. मला थांबायला वेळ नाही.

घर अरुंद, तीन मजली. बाथरूममध्ये २५ लिटरचा गिझर. वीज बंद करून, पाणी काढून खालची प्लेट उघडली आणि अंदाज खरा ठरला: कॉइलवर पांढऱ्या क्षाराचा जाड थर. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं शहरात आलं. ते नळाचं पाणी तसं मऊ आहे. पण इथे वरच्या टाकीत बोअरचं पाणी चढवतात, आणि त्यातला चुना तापला की कॉइलवर बसतो. थरामुळे कॉइलची उष्णता पाण्यात उतरत नाही. शेजारची थर्मोस्टॅटची नळी मात्र तापते, आणि पाणी तापलं असं समजून थर्मोस्टॅट वीज तोडतो.

दुसरी गोष्ट प्लेट उघडायच्या आधीच दिसली होती. थर्मोस्टॅट शेवटच्या टोकाला, ७५ वर फिरवलेला.

"जास्त ठेवलं की लवकर तापतं न्हवं?" आजोबा विचारतात.

लवकर तापत नाही. कॉइल २००० वॅटची आहे, ती ५५ वर ठेवली तरी दोनच हजार वॅटनं तापवणार आणि ७५ वर ठेवली तरी तेवढ्यानंच. फरक एवढाच की ७५ ला ती उशिरा थांबते. मग त्या कढत पाण्यात आपण गार पाणी ओततो. ६० च्या वर क्षारही भराभर बसतो. शिवाय बटण दिवसभर चालू राहिलं तर टाकीची उष्णता भिंतींतून निसटत राहते आणि कॉइल ती पुन्हा पुन्हा भरून काढते. गिझरवरचे बीईईचे तारे नेमके हेच सांगतात: तापलेलं पाणी नुसतं ठेवलं तर २४ तासांत किती वीज वाया जाते. तारे जास्त, तर गळती कमी. पण ज्या घरात वापरानंतर बटण बंद होतं त्या घरात ताऱ्यांचा फरक फारसा उरत नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही.

मी थर्मोस्टॅट ५५ ते ६० च्या मध्ये लावतो. त्याहून फार खालीही नको, कारण कोमट पाणी टाकीत साठून राहिलं तर त्यात जंतू वाढतात. कॉइल सोलून स्वच्छ केली, गॅस्केट बदललं. मॅग्नेशियमचा रॉड झिजून तारेएवढा उरला होता, तोही बदलला. झिजणं हेच त्याचं काम. पाणी आधी त्याला खातं आणि टाकीचं पोलाद वाचतं. तो दोन-तीन वर्षांनी बदलला तर टाकी कितीतरी वर्षं जास्त जाते. बोअरच्या पाण्यात त्याहून लवकर बदलावा.

"नवाच घ्यावा म्हनत हुतो," आजोबा म्हणाले. नव्याची गरज नाही. नव्या गिझरच्या चौथाईतही बिल गेलं नाही.

८:३०

उभ्यानं चहा, एक वडा. पुढचं काम मोठं आहे.

९:१५

फुलेवाडीत नवं घर बांधून होत आलंय. नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला, बायको शाळेत शिकवते, घरात त्याचे आई-वडील आणि एक मुलगी. त्यांना सोलर घ्यायचं आहे. कोटेशन हातात आहे, २५० लिटरचं. पोटमाळ्यापासून फरशीपर्यंत सगळ्यावर पैसे संपत आलेत आणि ताई स्पष्ट बोलतात, "दादा, आम्हाला परवडेल असंच सांगा. नंतर पस्तावायला नको."

अशा घरात माझा पहिला प्रश्न असतो: बादली की शॉवर? साऱ्या खर्चाचं मूळ त्या उत्तरात आहे. बादली २० लिटरची धरली आणि आंघोळीचं पाणी ४० अंशाचं, तर हिशेब सोपा होतो. सोलरच्या टाकीत पाणी ६० ला तापलेलं असतं, नळाचं पाणी थंडीत २० च्या आसपास. निम्मं-निम्मं मिसळलं की ४० होतं. म्हणजे एका बादलीला ऊन पाणी लागतं फक्त १० लिटर. पाच माणसांना ५०. भांड्यांना, एखाद्या जादा बादलीला आणि पाहुण्याला धरलं तरी १०० लिटरमध्ये बसतं. शॉवर मात्र मिनिटाला सात-आठ लिटर पाणी सोडतो. दहा मिनिटांच्या शॉवरला ७०-८० लिटर गेलं, म्हणजे चार बादल्या.

"आम्ही बादलीवालेच," सासूबाई म्हणाल्या.

मग १०० लिटर पुरे. लेक मोठी होतेय, उद्या शॉवर लावेल, हे धरून फार तर १५०. पण २५० चं काही कारण नाही.

नंतर सबसिडीचा विषय निघतो. हल्ली प्रत्येक घरी निघतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली, तिच्यात एक किलोवॅटला ३०,००० आणि तीन किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात. पण ते छतावरच्या वीज बनवणाऱ्या पॅनलसाठी. पाणी तापवणाऱ्या सोलरला त्यातलं काही मिळत नाही. केंद्राचं त्यासाठीचं अनुदान २०१४ मध्येच थांबलं. दोन्हींना आपण सोलरच म्हणतो, त्यामुळे लोक गोंधळतात, आणि त्या गोंधळावर धंदा करणारेही आहेत. कोणी पाणी तापवायच्या सोलरवर सबसिडी मिळवून देतो म्हणाला, तर त्याला आधी कागद मागा.

गच्चीवर जाऊन दिशा पाहिली. दक्षिणेला उघडं आहे, नारळाचं झाड पश्चिमेला, दुपारी तीननंतर सावली टाकेल, ते चालेल. कोल्हापूर साधारण पावणेसतरा अंश अक्षांशावर आहे. थंडीतला खालून येणारा सूर्य पकडायचा म्हणून काच त्याहून दहा-पंधरा अंश जास्त कललेली ठेवतो.

नळीचा घ्यावा की सपाट पॅनलचा? नळीच्या सोलरमध्ये काचेच्या दोन नळ्या एकात एक असतात, मधली हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे आत आलेली उष्णता बाहेर जात नाही. तो स्वस्त. १०० लिटरचा साधारण पंधरा ते बावीस हजारांत बसतो. क्षाराच्या पाण्यालाही तो सोसतो. पण एक नळी फुटली की टाकी रिकामी होते, आणि प्रेशर पंपाला तो चालत नाही. सपाट पॅनलमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या. तो महाग आणि टिकाऊ, मात्र बोअरच्या पाण्यानं आतून तुंबतो. या घरात पंप नाही, पाणी मिश्र आहे. मी नळीचा सुचवतो.

पैसे वाचतात ते खरे यापुढच्या बारकाव्यांत. सोलरला मोटर नसते. तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं, गार खाली उतरतं, एवढ्यावर सगळं चालतं. म्हणून गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा. इथे गवंड्यानं टाकीचा कट्टा तीन फुटांचा बांधलाय. सहा-सात फूट लागेल. आत्ता दोन हजारांत होणारं काम गृहप्रवेशानंतर दहा हजारांचं होतं.

तसंच पाइपचं. टाकीपासून खालच्या बाथरूमपर्यंत १५ मीटर अंतर आहे. पाऊण इंची पाइप टाकला तर त्यात सव्वाचार लिटर पाणी अडून राहतं, अर्धा इंचीत दोन लिटरच्या आत. दर वेळी नळ उघडला की तेवढं गार पाणी आधी येतं, आणि बहुतेक घरांत ते मोरीत जातं. मी मुख्य लाइन पाऊण इंची ठेवून बाथरूमच्या फाट्याला अर्धा इंची करतो, वर फोमचं वेष्टण. वेष्टणाचे पैसे वाचवणाऱ्यांना दोन वर्षांनी मी तेच वेष्टण जास्त मजुरीनं बसवून दिलंय.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात सूर्य आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही. त्यासाठी सोलरच्या टाकीतच विजेची कॉइल घालून देतात. ती मी टाळायला सांगतो. दोन बादल्यांसाठी १०० लिटर पाणी २० वरून ५० ला न्यायचं तर साडेतीन युनिट जळतात. त्यापेक्षा बाथरूममध्ये १५ लिटरचा २००० वॅटचा साधा गिझर बसवा. तो पहिल्यांदा तापायला वीस-एकवीस मिनिटं घेतो. एक बादली काढली की पुढच्या बादलीसाठी चौदा मिनिटं. एका बादलीला अर्ध्या युनिटाच्या आत वीज. पाच माणसं मागोमाग आंघोळ करू शकतात.

ताईंच्या यजमानांनी तिथल्या तिथे मोबाइलवर गुणाकार केला. सोलर नसतं तर पाच बादल्या, दिवसाला सव्वादोन-अडीच युनिट, महिन्याला सत्तर. महावितरणचा दर शंभर युनिटच्या पुढे चढतो, आणि हे सत्तर युनिट घराला बरोबर त्या रेषेपलीकडे ढकलतात. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर ते वाचतील. मी त्यांना आकडे कागदावर लिहून देतो, कोणत्या कंपनीचं घ्या हे सांगत नाही.

दुपारी १२:००

शाहूपुरीत सामान घ्यायला. या भागाला २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांत पाणी लागलं; कुंभार गल्लीत, व्हीनस कॉर्नरला दुकानांत माणूसभर पाणी होतं. त्यानंतरचे काही महिने मी दुसरं काही केलंच नाही, नुसते भिजलेले गिझर उघडत होतो. टाकी आणि कॉइल वाचायच्या. गाळ शिरलेला थर्मोस्टॅट आणि कटआउट मात्र बदलावेच लागायचे. पाण्याखाली गेलेला थर्मोस्टॅट वाळवून पुन्हा लावलेला मला कुठल्याही घरात चालत नाही.

आज घ्यायचंय: थर्मोस्टॅट, कटआउट, सेफ्टी व्हॉल्व्ह, वीज कुठे गळली की ती तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, टायमर. गिऱ्हाइकाला वाटतं गिझर म्हणजे टाकी. माझ्या लेखी गिझर म्हणजे हे चार-पाच लहान भाग. थर्मोस्टॅट पाणी ठरल्या तापमानाला थांबवतो. तो चिकटला आणि थांबायचं विसरला, तर कटआउट वीज तोडतो. कटआउटही गेला तर आत वाफ कोंडते, आणि तेव्हा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून दाब सोडतो. तीन पहारेकरी, तिघांची किंमत मिळून हजाराच्या आसपास. यातला एकही हलका घ्यायचा नाही. व्हॉल्व्हमधून थेंब गळतात म्हणून लोक त्याला बूच मारतात. तसं करून आपण उकळत्या टाकीचं शेवटचं दार बंद करतो.

दुकानदाराकडे एका खोक्यात थर्मोस्टॅट आहेत, दिसायला सारखे, किंमत निम्मी. मी आयएसआयचं चिन्ह बघतो, त्याखाली सीएम/एल नंबर बघतो आणि तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकतो. परवाना कोणाचा, कोणत्या मालाचा, चालू आहे की संपला, सगळं दिसतं. हे ॲप फुकट आहे आणि कोणीही वापरू शकतं. एका खोक्यावरचा नंबर ॲपमध्ये सापडलाच नाही. दुकानदारानं तो माल बाजूला काढून ठेवला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

टायमर हा माझा आवडता खर्च. सोळा अँपिअरचा साधा टायमर आठशे-हजार रुपयांना मिळतो. ज्या घरात बटण बंद करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही, त्या घरात पहाटे पाच ते सात एवढाच गिझर चालतो. मोबाइलवरून चालणारे महाग स्विच मागणारे येतात, त्यांनाही मी आधी हाच दाखवतो.

२:००

उद्यमनगरात एका लेथवर जुन्या टाकीसाठी पितळी निपल कातून घेतलं. बाजारात त्या आट्याचं निपल आता मिळत नाही. इथे नमुना दाखवला की अर्ध्या तासात हातात. डबा तिथेच खाल्ला. भाकरी, वांगं, ठेचा.

३:००

शिवाजी पूल ओलांडून प्रयाग चिखलीला. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट धरतात. त्या दोन पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि चिखली-आंबेवाडीची माणसं-जनावरं घरं सोडून निघाली.

काम बंबाचं आहे. तांब्याचा उभा बंब, मधून धुराची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळ. तोटी गळतेय आणि बुडाशी डाक सुटलाय. आजी म्हणतात, "पुरात पान्याखाली गेला हुता ह्यो. वर आल्यावर घासला, पेटवला, झालं." त्यांच्या सुनेच्या न्हाणीतला गिझर त्याच पुरात गेला होता. आता तो भिंतीवर वर चढवून लावलाय.

बंब विकून टाका असं सांगणारा मी नाही. या घरात उसाची चिपाडं, पाचट, शेणी, नारळाच्या शेंड्या सगळं घरचंच. सात माणसं, शेतातून येणाऱ्याला कधीही ऊन पाणी लागतं. विजेचा भरवसा पावसात नसतो. जाळ मधल्या नळीतून जातो, म्हणून चुलीवरच्या हंड्यापेक्षा बंबाला सरपण कमी लागतं. फक्त तो बंद न्हाणीत नसावा. इथे तो पडवीत आहे, वर कौलात धुराला वाट आहे. मी तोटी बदलली, डाक दिला, आणि एकच सांगितलं: पाणी नसताना जाळ घालू नका, सांधा उसवतो.

"न्हाई घालत. पोरं घालत्यात," आजी म्हणाल्या.

५:३०

गावात परतेपर्यंत बहिणीच्या मुलाचा व्हिडिओ कॉल. तो इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. तिकडे दुपारचे बारा, शनिवारची सुट्टी. नुकतंच १९३० च्या काळातलं विटांचं जुनं घर घेतलंय. "मामा, रेडिएटर घ्यायचेत. दोन गंजलेत, वरची एक खोली तापतच नाही. कॅटलॉग बघून डोकं फिरलंय. स्वस्तात कसं बसेल?"

मी रेडिएटर हातानं बसवलेला नाही. पण तिकडच्या घरांची रचना मला कळते, कारण ती पाण्याचीच आहे. गॅसचा बॉयलर पाणी तापवतो, पंप ते पाइपातून खोल्याखोल्यांत फिरवतो, प्रत्येक खोलीत भिंतीला पोलादाचा पोकळ पत्रा. तोच रेडिएटर. पाणी त्यात उष्णता सोडून परत बॉयलरकडे येतं. आपण पाणी अंगावर घेतो, ते पाण्याला भिंतीत फिरवतात.

फुलेवाडीत केलं तसंच मी त्यालाही आधी मापाचं विचारलं: माप काढलंस का? खोली किती वॅट उष्णता गमावते हे आधी काढायचं. खिडक्या किती, भिंत बाहेरची की आतली, वर छप्पर की खोली. समजा १००० वॅट आले. मग कॅटलॉगमधला १००० वॅटचा रेडिएटर घ्यायचा का? इथेच लोक फसतात. कॅटलॉगचा आकडा पाणी खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम आहे असं धरून छापलेला असतो, म्हणजे खोली २० आणि पाणी सरासरी ७०. बॉयलरमधून पाणी ५५ ला निघालं, तर खोलीत फिरून परतेपर्यंत सरासरी ५० भरते, फरक ३० उरतो आणि तोच रेडिएटर जेमतेम निम्मी उष्णता देतो.

"मग बॉयलर सत्तरवरच चालवू?"

उलट आहे. तिकडचे आजचे बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता घेतात, आणि परत येणारं पाणी ५५ अंशांच्या आत असेल तरच ते नीट होतं. म्हणून पाणी कमी तापवायचं आणि रेडिएटर मोठा घ्यायचा, यात गॅस वाचतो. उद्या त्यानं हीट पंप बसवला तरी तेच रेडिएटर कामाला येतील. एका पत्र्याचा, ज्याला तिकडे टाइप ११ म्हणतात, त्याच्या जागी दोन पत्र्यांचा टाइप २२ लावला, तर भिंतीवर जागा तेवढीच लागते आणि उष्णता जवळजवळ पावणेदोन पट मिळते. साधे पांढरे पॅनल घे, असं मी त्याला सांगितलं. चकचकीत नळ्यांचे, रंगीत, उभे असे रेडिएटर त्याच वॅटला कितीतरी महाग पडतात. वापरलेले जुनेही घेऊ नकोस. आतला गंज बाहेरून दिसत नाही आणि तो सगळ्या पाइपात फिरतो.

मग नियंत्रणाचं. रेडिएटरच्या एका टोकाला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असतो. त्याच्या डोक्यात मेण किंवा द्रव भरलेली कुपी असते. खोली तापली की ती फुगते आणि खिळा दाबून पाणी अडवते. वीज लागत नाही, किंमत थोडी. वापरात नसलेली खोली एक-दोनवर ठेवायची, बसायची तीनवर. फक्त ज्या खोलीत भिंतीवर मुख्य थर्मोस्टॅट आहे तिथे हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा, नाहीतर दोन थर्मोस्टॅट एकमेकांशी भांडत बसतात.

आणि वरची गार खोली? तिथे नवा रेडिएटर घेण्याआधी हवा काढून बघ, म्हटलं. रेडिएटरच्या कोपऱ्यातला स्क्रू किल्लीनं सैल केला की कोंडलेली हवा फुसकन निघते. त्यानंही भागलं नाही तर दुसऱ्या टोकाचा, टोपीखालचा व्हॉल्व्ह. बॉयलरजवळचे रेडिएटर सगळं पाणी ओढून घेतात, लांबच्याला उरत नाही. उसाला पाणी पाजताना आपण जवळच्या सरीचं तोंड बारीक करतो, तसे जवळच्या रेडिएटरचे हे व्हॉल्व्ह थोडे आवळायचे. तो हसला. आजोळी उसात पाणी पाजलेला पोरगा आहे, लगेच समजला.

शेवटी एक सांगितलं. रेडिएटरचे व्हॉल्व्ह, हवा काढणं, हे स्वतः कर. बॉयलरच्या गॅसला हात लावू नकोस, त्यासाठी तिकडे गॅस सेफ नोंदणी असलेलाच कारागीर कायद्यानं लागतो. आपल्याकडे असा नियम कडक असता तर पुढच्या घरी मला जावं लागलं नसतं.

रात्री ८:००

राजेंद्रनगर. शिवाजी विद्यापीठात शिकणारी मुलं इथे कॉट बेसिसवर राहतात. घरमालकांना गॅस गिझर बदलून हवाय, ज्योत पिवळी होते म्हणून. बाथरूम चार बाय पाच फुटांचं. गिझर आतच, दारामागे. वरच्या झडपेला मुलांनी थंडी लागते म्हणून पुठ्ठा लावलाय.

मी आधी रेग्युलेटर बंद केला, मग बोललो.

गॅस गिझर स्वस्त पडतो हे खरं आहे. एका बादलीला चाळीस-पन्नास ग्रॅम गॅस पुरतो, पाणी लगेच येतं, वायरिंगचा खर्च नाही. पण त्याची ज्योत खोलीतला प्राणवायू खाते. बंद खोलीत प्राणवायू कमी पडला की ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. माणसाला गरगरतं, पायांतली शक्ती जाते, कडी काढायचंही सुचत नाही. बाहेरच्यांना वाटतं आंघोळ चाललीय. एक मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, गेल्या आठवड्यात मला आत चक्कर आली होती, उपाशी होतो म्हणून असेल वाटलं.

मालक वाईट माणूस नाहीत. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. गिझर तिथून काढला. सोमवारी तो मागच्या उघड्या गॅलरीत बसेल, आत फक्त पाण्याचा पाइप येईल. खर्च पाइपाचा आणि अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा. तोवर मुलांना गॅसवर पाणी तापवून द्या म्हटलं, घरमालकीण काकूंनी हो म्हटलं. झडपेचा पुठ्ठाही मी निघण्याआधी काढून टाकला.

तुमच्या घरी, तुमच्या मुलाच्या होस्टेलवर, गावाकडच्या न्हाणीत गॅस गिझर आत असेल, तर नवं काही घ्यायच्या आधी तो बाहेर उघड्यावर काढून घ्या. तोपर्यंत झडप मोकळी ठेवा, आंघोळीआधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच दार लावा.